स्लाइड बोलायला लागली, मराठी मात्र उशिरा शिकली

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, प्रशिक्षणाची नवी बॅच बसते, तेव्हा एकाच बाकावर खानापूरचा मराठी शाळेत शिकलेला मुलगा असतो आणि शेजारी बैलहोंगलचा कन्नड शाळेतला. समोरची स्लाइड बहुतेक वेळा इंग्रजीत. समजावायचं सगळं प्रशिक्षकाच्या तोंडानं, आणि तिसऱ्या बॅचपर्यंत त्याचा घसा बसतो. हे बोलणं लिहिलेला मजकूर वाचणाऱ्या यंत्राकडे द्यायची सोय आज आहे, पण ती आपल्या भाषेत यायला बराच काळ गेला.

पूर्वी स्लाइड म्हणजे काचेच्या चौकटीतली फिल्म, आणि शेजारी टेपरेकॉर्डर. टेपवर ‘टुं’ वाजलं की पुढची स्लाइड हातानं सरकवायची. पुढे टेपवरचा संकेत ओळखून प्रोजेक्टर स्वतःच चित्र बदलू लागले. अडचण एकच, पण मोठी : कारखान्यातलं यंत्र बदललं, नियम बदलला, की पुन्हा तोच माणूस, तीच शांत खोली, नवं ध्वनिमुद्रण. १९८७ साली मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. स्लाइड दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम झालं. आवाज मात्र टेपच्याच काळात राहिला.

बोलणारं यंत्र त्याहून कितीतरी जुनं आहे. फॉन केम्पेलेननं भाता आणि चामड्याच्या नळीतून शब्द काढणाऱ्या आपल्या यंत्राचं वर्णन १७९१ मध्ये छापलं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्जचं ‘व्होडर’ बोललं, तेही पट्ट्या आणि पायाखालचं पेडल दाबणाऱ्या प्रशिक्षित बाईंच्या हातून. लिहिलेला मजकूर आपणहून वाचणारं ‘डेकटॉक’ १९८४ चं. त्यामागे डेनिस क्लॅट यांचं संशोधन. यातलं काहीच मराठीसाठी नव्हतं.

देवनागरी लिहावी तशी वाचता येते, असं आपण म्हणतो. यंत्राला ते तसं लागू पडत नाही. ‘करवत’ लिहितो चार अक्षरं आणि म्हणतो ‘कर्‌-वत्’. मधला ‘अ’ कुठे गळतो हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. कन्नडमध्ये बहुतेक अक्षरं पूर्ण उच्चारतात, म्हणून आमचे कन्नडभाषक सहकारी तोच शब्द ‘क-र-व-त’ असा वाचतात, आणि सुरुवातीची यंत्रंही काहीशी तशीच वाचत. त्यात च आणि ज. ‘चार चाकं’ म्हणून बघा : पहिला च चहातला, दुसरा चमच्यातला. ‘जीव’ आणि ‘जाळ’ यांचंही तेच. लिपीत खूण नाही, म्हणजे प्रत्येक शब्द यंत्राला शिकवावा लागतो. माझ्या मते मराठी आवाज उशिरा येण्याचं मोठं कारण हेच, आणि त्यात भर म्हणजे नीट नोंदवलेलं मराठी बोलणंच थोडं होतं.

बोलणं नोंदवून यंत्राला शिकवायचं काम आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं एकत्र आलेल्या संस्थांनी अनेक भारतीय भाषांसाठी केलं, मराठीसह. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘वेव्हनेट’नं नोंदवलेल्या आवाजाचे तुकडे जोडण्याऐवजी ध्वनिलहरच घडवून दाखवली आणि आवाजातला पत्र्याचा खडखडाट गेला. आज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत मराठीचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे आवाज आहेत, आणि भारतीय भाषांसाठीचं केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ २०२२ पासून.

प्रत्यक्ष काम साधं आहे. निवेदन स्लाइडवर नाही, खालच्या नोट्समध्ये लिहायचं. तेवढाच मजकूर आवाजाला द्यायचा, तयार फाइल स्लाइडमध्ये घालायची आणि शेवटी व्हिडिओ करायचा. स्लाइडवरचंच जसंच्या तसं वाचून दाखवणं टाळावं. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्रासोबत नुसता आवाज असताना लोक जास्त शिकले. तोच मजकूर पडद्यावरही टाकला की लक्ष विभागलं. ‘लॅडल’ (वितळलेला धातू ओतायचं भांडं) असा नवा शब्द तेवढा पडद्यावर मोठा ठेवावा.

आमच्याकडे एकाच स्लाइडसंचाच्या नोट्स दोनदा लिहितो, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि दोन व्हिडिओ काढतो. वितळलेल्या लोखंडाजवळ कुठे उभं राहायचं नाही, हे ज्याला त्याला आपल्या भाषेत ऐकू येतं. मराठी व्हिडिओत गावांची नावं अजून अडतात. यमकनमर्डीजवळ आवाज हमखास अडखळतो, म्हणून नोट्समध्ये मी ‘यमकन् मर्डी’ असं तोडून लिहितो.