फोर्ब्ज फील्डच्या भिंती आणि पिट्सबर्ग पायरेट्स

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचं नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते नोव्हेंबर २००८मध्ये. उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना तेव्हा या क्लबनं करारबद्ध केलं होतं. क्लब मात्र नॅशनल लीग या अमेरिकेतल्या बड्या साखळी स्पर्धेत १८८७पासून खेळतो आहे. ‘पायरेट्स’ हे नाव आरोपातून आलं. १८९१च्या हंगामाआधी लू बिअरबावर या खेळाडूला पिट्सबर्गनं आपल्याकडे घेतलं. त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या क्लबनं ही चाचेगिरी असल्याची ओरड केली आणि पिट्सबर्गनं तेच नाव मिरवलं.

या संघाचे मोठे खेळाडू समजून घ्यायचे तर आधी त्यांचं मैदान पाहायला हवं. क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे ८२ मीटरवर असते. बेसबॉलमध्ये आउटफिल्डची, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागाची, भिंत प्रत्येक शहरात वेगळ्या अंतरावर. मालक बार्नी ड्रायफस यांना स्वस्तातले होम रन, म्हणजे सहसा चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडून मिळणाऱ्या धावा, मुळीच आवडत नसत. ३० जून १९०९ रोजी सुरू झालेलं त्यांचं फोर्ब्ज फील्ड त्या नावडीतूनच अवाढव्य झालं. पुढे डाव्या-मधल्या कोपऱ्यातलं अंतर ४५७ फूट, म्हणजे १३९ मीटर नोंदलं गेलं. तिथे इतकी जागा होती की सरावाचा पिंजरा सामना चालू असतानाही मैदानातच ठेवलेला असे!

अशा मैदानावर उंच फटका झेलात जातो. जमिनीलगत, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेलेला चेंडू मात्र भिंतीपर्यंत घरंगळतो आणि बॅटर तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेसाठीच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्यावर, पोचतो. याला ट्रिपल म्हणतात. पायरेट्सच्या चीफ विल्सननं १९१२मध्ये एका हंगामात ३६ ट्रिपल मारले. तो विक्रम अजून मोडलेला नाही आणि आजच्या आखूड मैदानांवर मोडेल असं वाटत नाही. याच जागेचा पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, तोटा होई: आउटफिल्डर फार मागे उभे राहत, त्यामुळे त्यांच्या पुढ्यात चेंडू पडायचे. एकही हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) न देता संपलेला सामना या मैदानानं ६१ वर्षांत पाहिला नाही.

हे मैदान सुरू झालं तेव्हा संघाचा आधार होता शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होनस वॅग्नर. लीगचा फलंदाजीतला पहिला क्रमांक त्यानं आठ वेळा पटकावला. १९३६मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानासाठी निवडलेल्या पहिल्या पाचांतही तो होता. १९०९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, पिट्सबर्गनं डेट्रॉइटविरुद्ध ४–३ अशी जिंकली.

शहरातला सर्वांत जबरदस्त फटकेबाज मात्र पायरेट्सकडून कधीच खेळला नाही. कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) जॉश गिब्सन कृष्णवर्णीय होता, म्हणून मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलचे, दरवाजे त्याला बंद होते. त्याचा होमस्टेड ग्रेज संघ फोर्ब्ज फील्ड भाड्यानं घेऊन याच भिंतींसमोर खेळे. जानेवारी १९४७मध्ये गिब्सन गेला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला. निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांची, आकडेवारी २०२४मध्ये अधिकृत नोंदींत धरली गेली तेव्हा .३७२ (फलंदाजीच्या दर हजार संधींत ३७२ हिट) या कारकिर्दीच्या सरासरीनं गिब्सन पहिल्या स्थानावर आला. हा न्याय फार उशिरा झाला.

त्याच १९४७मध्ये पायरेट्सनं हँक ग्रीनबर्ग या फटकेबाजाला आणलं आणि त्याच्यासाठी डावीकडे ३० फूट आत कुंपण घालून अंतर ३६५वरून ३३५ फूट केलं. खरा फायदा उठवला तरुण राल्फ कायनरनं: १९४७मध्ये ५१, १९४९मध्ये ५४ होम रन. पण संघ बहुतेक वर्षं तळाकडेच राहिला, कारण कुंपण आत घेतल्यानं पिचिंग काही सुधारत नाही. कायनर गेल्यावर कुंपणही निघालं.

मैदान पुन्हा मोठं झालं आणि १९५५मध्ये पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे आला. २५ जुलै १९५६ रोजी शिकागो कब्जविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना त्याचा फटका डावीकडे दूर गेला. तिसऱ्या बेसजवळ उभ्या मॅनेजरनं थांबायची खूण केली. क्लेमेंटे थांबला नाही, थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या टप्प्यावर, आला आणि सामना ९–८ असा संपला. चेंडू भिंतीपलीकडे न जाता मिळालेला होम रन, तोही चार धावांचा आणि सामना जिंकून देणारा!

१३ ऑक्टोबर १९६० रोजी वर्ल्ड सिरीजमधला न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा सातवा सामना झाला. मालिकेत यँकीजच्या एकूण धावा ५५, पायरेट्सच्या २७. आठव्या डावात टणक मातीवरून उसळलेला चेंडू यँकीजच्या टोनी क्युबेकच्या गळ्यावर बसला, हमखास डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) हुकला आणि पिट्सबर्गनं पाच धावा केल्या. यँकीजनं बरोबरी साधली. नवव्या डावात बिल माझरोस्कीनं राल्फ टेरीचा चेंडू डाव्या भिंतीपलीकडे धाडला: १०–९. माझरोस्कीची ओळख खरं तर सेकंड बेसवरच्या चपळ हातांची; १,७०६ डबल प्लेमध्ये त्याचा हात होता.

१९७०मध्ये संघ थ्री रिव्हर्स स्टेडियमच्या कृत्रिम हिरवळीवर गेला. १ सप्टेंबर १९७१ रोजी तिथे मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन होते. ३० सप्टेंबर १९७२ रोजी क्लेमेंटेची ३,०००वी हिटही तिथलीच. नियमित हंगामातली ती त्याची अखेरची ठरली. ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्यात वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलेलं होतं. २००१पासूनच्या पीएनसी पार्कात उजवी भिंत २१ फूट उंच आहे. क्लेमेंटेचा क्रमांकही २१.

फोर्ब्ज फील्ड पाडलं गेलं, पण भिंतीचा एक तुकडा पिट्सबर्गच्या ओकलंड भागात उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून १९६०च्या सामन्याचं रेडिओ समालोचन ऐकतात.