गोदाकाठची रणवाट: पालखेड ते राक्षसभुवन
(आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

इतिहास पाहायचा म्हटले की बहुतेक जण देवगिरीसाठी गाडी सांगतात. मात्र पेशवे आणि निजाम यांच्यातल्या दोन मोठ्या मोहिमांचा निकाल मराठवाड्यात लागला, तो किल्ल्यावर नव्हे, गोदावरीच्या खोऱ्यात. या वाटेवर बुरूज नाहीत, तिकीटखिडकी नाही. थोडे वाचून आलात तरच ती दिसते.

सुरुवात पालखेडपासून करा. नकाशावर शोधताना ‘तालुका वैजापूर’ जरूर लिहा. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातही धरणाचे पालखेड आहे आणि पुष्कळांची गाडी तिकडे वळते. पहिल्या बाजीरावांनी निजामाला जड तोफखाना मागे ठेवून पाठलाग करायला लावले, इथे आणून घेरले आणि त्याचे पाणी तोडले. तारीख २८ फेब्रुवारी १७२८. आज इथे शेतेच आहेत. अर्धा तास पुरे. रेल्वेने येणाऱ्यांना रोटेगाव स्थानक जवळ पडते.

पुढे पैठण. तह झाला तो मुंगी-शेवगावला, ६ मार्च १७२८ रोजी. मुंगी पैठणहून नदीपलीकडे, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात. पैठणला नाथांचे दर्शन आणि नाथसागर आलाच. जेवणही इथेच उरकून घ्या, पुढे खेड्यांत वेळेवर मिळेलच असे नाही. वाट वाकडी करून ज्ञानेश्वरांचे आपेगाव पाहता येते.

खरा मुक्काम राक्षसभुवनला, तालुका गेवराई. यासाठी निदान दोन तास राखून ठेवा. १७६३ साली निजाम अलीने पुणे लुटले होते. त्याच पावसाळ्यात त्याचे सैन्य इथे नदी ओलांडत होते. निजाम स्वतः उत्तर काठाला पोहोचला, दिवाण विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह दक्षिण काठालाच राहिला. १० ऑगस्टला मराठे त्यावर तुटून पडले. राघोबादादा वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव मदतीला धावले. विठ्ठल सुंदर मारला गेला. समोर सगळे दिसत असूनही निजामाला पुरामुळे परत येता आले नाही. घाटावर उभे राहून पलीकडचा काठ पाहा. चार पाने वाचून कळत नाही ते एका नजरेत कळते. म्हणून आम्ही उन्हाळ्यात ही सहल सुचवत नाही. कोरड्या वाळूकडे बघून ती लढाई समजत नाही.

राक्षसभुवन शनीचे मोठे स्थान आहे. शनी अमावास्येला इथे पाय ठेवायला जागा नसते. इतिहासासाठी येणाऱ्यांनी तो दिवस टाळावा, दर्शनासाठी येणाऱ्यांनी पहाटे निघावे. जवळच महानुभावांचे पांचाळेश्वर आहे, तेही जोडून घ्या.

जायचे कसे? पैठण आणि राक्षसभुवन एका दिवसात होते. पालखेड धरले तर दोन दिवस, मुक्काम पैठणला. एसटीने पैठण सोपे. बीडकडे जाणाऱ्या गाड्या शहागड, गेवराईला थांबतात, पण गेवराईपासून पुढे वाहन तुमचे तुम्हालाच पाहावे लागते. चार-पाच जण असाल तर आमची गाडी परवडते. दुचाकीवाल्यांनी शहागडचा पूल ओलांडताना बाजूला थांबू नये, महामार्गावर ट्रकची वर्दळ फार असते. ज्येष्ठ सोबत असतील तर आधी सांगा, घाटाच्या जवळात जवळ गाडी नेऊ.

पाण्याबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. वर नाशिककडे पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही विसर्ग वाढतो. पात्रात उतरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. मोठा विसर्ग चालू असेल तर आम्ही राक्षसभुवनला गाडी नेत नाही. तुम्हाला दुसरी तारीख देतो आणि आगाऊ रकमेतून काहीही कापत नाही.