फेकायचा चाकू फळीसाठी असतो, जीव वाचवण्यासाठी नाही

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. पेटी उघडण्याआधी एकदा वाचून घ्यावे.)

फेकायचे चाकू आणि ते रुतवायच्या लाकडी चकत्या (त्यांनाच आम्ही फळी म्हणतो) आम्ही स्वतः बनवतो. चौकशीच्या फोनवर वजन, लांबी, पोलाद असं सगळं बोलून झालं की शेवटी बरेचदा एक प्रश्न हळूच येतो. "आणि वेळ आलीच, तर हा कामी येईल ना?" एका वडिलांनी रात्रपाळी करणाऱ्या मुलीसाठी सेट मागवला होता, तिच्या पर्समध्ये मावेल असा, शक्य तितका लहान. आम्ही तो पाठवला नाही. त्यांच्याशी बराच वेळ बोललो. तेव्हा जे बोललो तेच पुढे नीट लिहून काढलं आहे.

उत्तर आधीच देतो. कामी येणार नाही. हे आमच्याच मालाबद्दल सांगतो आहोत, आणि रोज तो हाताळतो म्हणूनच सांगतो आहोत.

चाकू हवेत गिरक्या घेत जातो

मूठ धरून फेकलेला चाकू बाणासारखा सरळ जात नाही, तो गिरक्या घेत जातो. टोक फळीत रुततं ते फक्त गिरकी योग्य जागी पूर्ण झाली तर. बहुतेकांच्या हातून साधारण ४ मीटरमध्ये एक पूर्ण गिरकी होते. म्हणजे मीटरमागे चाकू ९० अंशांनी फिरतो. तुम्ही अर्धा मीटर पुढे किंवा मागे उभे राहिलात की टोक ४५ अंशांनी चुकलं. म्हणून सरावाच्या जागी जमिनीवर खडूने रेघ मारतात. स्पर्धेतही ३, ५, ७ मीटर अशी अंतरं ठरलेली असतात, आणि खेळाडू प्रत्येक अंतरासाठी पकड नाहीतर पवित्रा बदलतो. हातभर मागे सरकायचं, चाकू पात्याकडून धरायचा, मनगट मोकळं सोडायचं की घट्ट ठेवायचं, हे सगळं त्या रेघेच्या भरवशावर चालतं.

आता फळीच्या जागी अंगावर येणारा माणूस धरा. तुम्ही ४ मीटरवरून अगदी बिनचूक फेक केलीत. चाकू सेकंदाला १२ मीटर वेगाने निघाला, समोरचा सेकंदाला ४ मीटर वेगाने येतो आहे. दोघांची गाठ पाव सेकंदात पडते, आणि तोवर चाकूने ३ मीटरच कापलेले असतात. गिरकीचा शेवटचा पाव भाग राहून गेला. चाकू टोकाने न लागता आडवा, चपटा लागणार. तुमची चूक काहीच नाही, तो माणूस फक्त जागेवर थांबला नाही.

गिरकी न घेता, बोट पात्याच्या कण्यावर ठेवून सरळ फेकण्याची पद्धतही आहे. ती सुंदर आहे आणि आम्ही ती शिकवतो. पण हात बसायला फार काळ लागतो, आणि भीतीने थरथरणाऱ्या बोटांना ती आधी सोडून जाते.

गोणपाटाचा माणूस

आकडेमोडीवर विश्वास बसत नसेल तर आम्ही करून पाहिलेलं सांगतो. एका पोत्यात चिंध्या ठासून भरल्या, वरून जुनं जाड जॅकेट चढवलं आणि ते धूड दोरीने आढ्याला टांगलं. स्थिर असताना चाकू रुतत होते, तेही सगळे नाहीत. मग एकाने पोत्याला झोका दिला. वर्षानुवर्षं फेकणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या हातून एकामागून एक मुठीचेच आवाज येऊ लागले. धप्, धप्, आणि चाकू खाली. जे टोकाने लागले त्यांतलेही काही जॅकेटच्या घडीत अडकून लोंबत राहिले. ते पोतं आमच्यावर धावून येत नव्हतं, ओरडत नव्हतं, आणि आम्हाला घाईही नव्हती.

खऱ्या प्रसंगात वेळ किती मिळतो? अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. २१ फूट, म्हणजे जवळपास ६.४ मीटर अंतर, सर्वसाधारण माणूस सुमारे दीड सेकंदात पार करतो. दीड सेकंदात पर्सची चेन उघडायची, म्यान सोडायचं, पकड बसवायची, अंतर जोखायचं आणि फेकायचं. आणि हल्ला बहुतेक वेळा एवढ्या लांबून सुरूच होत नाही. कोणीतरी पत्ता विचारत, वेळ विचारत अगदी हाताच्या अंतरावर आलेलं असतं. तिथे फेकायला जागाच उरत नाही.

आणि लागलाच तर

२५० ग्रॅमचा चाकू सेकंदाला १२ मीटर वेगाने गेला तर त्यात सुमारे १८ जूल ऊर्जा असते. ठीकठाक हात असलेल्या माणसाने १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ७० किलोमीटर वेगाने फेकला तर ती ३० जूलच्या आसपास जाते. शिवाय चेंडू कसाही लागला तरी चेंडूच असतो. त्याला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते.

हातात धरून मारलेल्या शस्त्रामागे अंगाचं वजन असतं, फेकलेल्यामागे ते नसतं. बरगड्या, जाड कापड, पट्टा, खिशातला फोन, यातलं काहीही आड आलं की टोक घसरतं. आणि पडद्यावर दिसतं तसं, चाकू लागला आणि माणूस जागच्या जागी कोसळला, असं घडत नाही. जखमी आणि चवताळलेला माणूस पुढे येऊ शकतो. त्यात सर्वांत वाईट भाग असा की तुमचं शस्त्र आता तुमच्याकडे नाही. ते त्याच्या पायाशी पडलेलं आहे.

आमच्या चाकूंना कडेने धार नसते, हेही लक्षात घ्या. फक्त टोक अणकुचीदार असतं. पोलादाला पाणी देतानाही आम्ही ते मुद्दाम स्वयंपाकाच्या सुरीइतकं कडक करत नाही, नाहीतर फळीवर आदळून पातं तुटेल. हातात धरून वापरायलाही हा चाकू बेतलेला नाही.

ज्यांनी खरोखर फेकून लढाया केल्या

इतिहासात फेकायची शस्त्रं होतीच, असं ग्राहक म्हणतात. होती. पण ती कशी होती ते पाहा. मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांच्या फेकचाकूला एकाच दांड्यातून वेगवेगळ्या दिशांना अनेक पाती फुटलेली असतात. गिरकीत कुठलीही बाजू पुढे आली तरी एखादं पातं लागावं म्हणून. शीख निहंग योद्ध्यांच्या फेकायच्या चक्राला सगळ्या परिघावर धार असते. शुरिकेन या जपानी फेकायच्या चांदणीला चहूबाजूंनी टोकं असतात. ज्या लोकांचा जीव खरोखर त्या फेकीवर होता, त्यांनी चुकीची बाजूच नसलेली वस्तू घडवली. आपल्या हातातला एकटोकी चाकू त्या घराण्यातला नाही, तो फळीच्या खेळातला आहे.

शुरिकेनचं कामही बहुतांशी समोरच्याला क्षणभर बिथरवण्याचं होतं. तेवढ्यात तलवार उपसायची किंवा निसटायचं. रोमन सैनिक सुमारे दोन मीटर लांबीचा जड भाला फेकत, तोही रांगेने, शेकडो जण मिळून, आणि फेकल्यावर प्रत्येकाच्या कमरेला तलवार असेच. एकट्या माणसाने एकुलतं एक शस्त्र फेकून द्यावं, असा विचार त्यांतल्या कोणीच केला नव्हता.

मग फेकायचंच नाही का?

फेका, चाकू मात्र नको.

इथे शुरिकेनवाल्यांची अर्धी गोष्ट आपल्या कामाची आहे. तोंडाच्या दिशेने अचानक काही आलं की माणसाचे डोळे मिटतात, मान वळते, हात वर जातात. हे तो ठरवून करत नाही, शरीरच करतं. कितीही राकट माणूस असो. त्याचं एक पाऊल अडखळतं, आणि तेवढ्यात तुमची दोन पावलं होतात. या कामासाठी नेम लागत नाही, सराव लागत नाही, गिरकी मोजावी लागत नाही. हातात जे आहे तेच चालतं. पाण्याची बाटली, छत्री, किल्ल्यांचा जुडगा, मूठभर नाणी, खांद्यावरची पिशवी. घरात असाल तर उशी, पुस्तक, खुर्ची. खुर्ची फेकण्यापेक्षा तिचे चार पाय समोर धरून दाराकडे सरकणं जास्त चांगलं, कारण ती हातात राहते.

एकच अट आहे. फेकणं आणि पळणं या दोन गोष्टी नाहीत, ती एकच गोष्ट आहे. फेकून काय परिणाम झाला ते बघायला जे थांबतात, ते मिळवलेला क्षण तिथेच घालवतात. आमच्या वर्गात आम्ही हे चेंडूने करून घेतो. समोरून एक जण चालत येतो, शिकणारा मऊ चेंडू त्याच्या छातीच्या वर फेकतो आणि त्याच दमात वळून दाराबाहेर जातो. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक जण चेंडू कुठे लागला ते बघतो. ती सवय मोडेपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा करून घेतो. नेमाकडे आम्ही बघतही नाही.

लुटारूला पाकीट हवं असेल तर तेच फेका. त्याच्या हातात देऊ नका, एका बाजूला लांब फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. पाकीट परत मिळवता येतं. फेकताना ओरडायलाही विसरू नका. ओरडण्याने दम धरून राहिलेली छाती मोकळी होते आणि आसपासच्या लोकांच्या माना वळतात.

दगड आणि काचेच्या बाटलीबद्दल मात्र जपून. डोक्याला लागलेला दगड जीव घेऊ शकतो, आणि गर्दीत तो नेमका कुणाला लागेल ते तुमच्या हातात नसतं. जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. फोन शक्यतो फेकू नका, पुढच्याच मिनिटाला तो लागणार आहे.

आणि ज्यांना खरोखर भीती आहे, रोजच्या रस्त्यावर कोणी पाठलाग करतं आहे, घरातूनच धोका आहे, त्यांनी कुठलीच वस्तू विकत घेण्याआधी विश्वासातल्या एका माणसाला आणि पोलिसांना सांगावं. त्या वडिलांशी आमचं बोलणं शेवटी याच ठिकाणी येऊन थांबलं. मुलीच्या रस्त्यावर नेमकं कुठे अंधार आहे, तिला आणायला कोण जाऊ शकतं, वाटेतलं कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं. चाकूचा विषय त्यांनी नंतर काढलाच नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये शुरिकेनच्या विक्रीवर १९८८ पासून बंदी आहे. स्वतःच्या बचावाचा हक्क जवळपास सगळीकडे मान्य आहे, पण धोक्याच्या मानाने केलेला बचाव, एवढ्यापुरताच. घरून मुद्दाम शस्त्र घेऊन निघालेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहू शकतं. आणि पाठ फिरवून निघालेल्या माणसावर चाकू फेकला तर त्याला बचाव म्हणणं अवघड आहे. सरावाला जाताना चाकू पेटीत, कुलूप लावून, गाडीच्या डिकीत ठेवा. खिशात किंवा कमरेला नको.

फळीसमोर

ज्यासाठी हा चाकू आहे ते आता सांगतो, कारण अपघात होतात ते इथेच.

फळी म्हणजे ओंडक्याची आडवी कापलेली चकती, वयाची वर्तुळं तुमच्याकडे तोंड करून. टोक रेषांच्या मधे शिरतं आणि काढल्यावर लाकूड पुन्हा मिटतं. उभ्या रेषांच्या पाटावर फेकलात तर पाट चिरफळतो आणि चाकू उलट येतो. लाकूड मऊ हवं. वाळून कडक झालं की आदल्या रात्री चकतीवर पाणी मारून ठेवा.

मुठीने आदळलेला चाकू काही मीटर मागे उडू शकतो, म्हणून बघणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या मागे आणि चांगलं लांब उभं राहावं, बाजूला नाही. फळीच्या पलीकडे भिंत किंवा मातीचा बांध हवा. पायात बंद बूट हवेत, चपला चालणार नाहीत. सगळ्यांचे सगळे चाकू फेकून झाल्याशिवाय कोणीही आणायला जायचं नाही. मुलं असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

आणि दर फेरीनंतर पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवा. चाकूवर चाकू आदळला की कडेला धातूची बारीक कुसळं उभी राहतात. दिसत नाहीत, पण पुढच्या फेकीला तळहात कापतात. पेटीत एक छोटी कानस दिली आहे ती यासाठीच. दोन-तीन हात मारले की कड पुन्हा गुळगुळीत होते.

हे वाचून तुमचा विचार बदलला असेल, सेट तुम्ही वेगळ्याच कारणासाठी मागवला होता असं वाटत असेल, तर न वापरलेला सेट आम्ही परत घेतो आणि पूर्ण पैसे देतो. कारण विचारणार नाही.