टाटा पॉवरचं नेट झिरो आणि कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टी

टाटा पॉवरने २०४५ पर्यंत नेट झिरो व्हायचं (म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडला जातो, तेवढा कमी करून किंवा भरून काढून हिशेब शून्यावर आणायचं) ठरवलंय, पण वीज कंपनीचं एमिशन, म्हणजे हा सोडलेला कार्बन, फक्त कंपनीच्या मर्जीवर ठरत नाही, त्यात हवामान, सरकार, कोर्ट, परदेशी कोळशाचे भाव असे बरेच बाहेरचे घटक येतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे गुजरातमधला मुंद्रा प्लँट. क्षमता ४ हजार मेगावॅटच्या वर, कोळसा बाहेरून येणारा, मुख्यतः इंडोनेशियाचा. २००६ साली कंपनीने युनिटला साधारण २ रुपये २६ पैसे दराने बोली जिंकली, नंतर इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियमच बदलले आणि सगळं गणित फिसकटलं. वाढीव दर मागितला तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. मग प्लँट चालवला की तोटा, म्हणून तो बराच काळ बंद किंवा अर्धवटच चालायचा, आणि (हे कुणी फारसं बोलत नाही) त्यामुळे कंपनीचं एमिशन आपोआप कमी दिसायचं, त्यात ग्रीन असं काही नव्हतं. २०२२ चा मार्च विक्रमी तापला, विजेची मागणी भडकली, देशी कोळसा पुरेना. तेव्हा केंद्राने ५ मे २०२२ ला वीज कायद्याचं कलम ११ लावून आयात कोळशावरचे सगळे प्लँट पूर्ण क्षमतेने चालवा असा आदेश काढला, त्याला पुढे मुदतवाढही मिळत गेली. म्हणजे एमिशन वाढलं ते सरकारी आदेशाने, पण हिशेबात धरलं जातं कंपनीच्याच.

मुंबईत वेगळाच पेच आहे. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या लाइन्सची क्षमता मर्यादित, त्यामुळे कंपनीचा ट्रॉम्बेचा कोळशावरचा प्लँट सहजासहजी बंद करता येत नाही, आणि १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेल्यावर तर शहरातल्या शहरात वीज हवीच हा मुद्दा अजून पक्का झाला.

सोलर वाढवायचं म्हटलं तरी १ एप्रिल २०२२ पासून परदेशी मॉड्यूलवर (तयार सोलर पॅनेल) ४० टक्के आणि सेलवर (पॅनेलमधले वीज तयार करणारे तुकडे) २५ टक्के कस्टम ड्युटी लागली, स्वस्त चिनी माल महागला. राजस्थान-गुजरातमध्ये तारांना धडकून मरणारे माळढोक पक्षी वाचवायला सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला, पण मधली तीन वर्षं तिथल्या सोलर-विंडवाल्या सगळ्याच कंपन्यांना ती टांगती तलवार होती.