ड्व्होरॅक कळफलक

ड्व्होरॅक कळफलक : इंग्रजी टंकलेखनासाठी तयार केलेला पर्यायी अक्षर-आराखडा. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक असलेले ऑगस्ट ड्व्होरॅक (१८९४–१९७५) आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनी तो तयार केला. एकस्वासाठीचा (पेटंटसाठीचा) अर्ज १९३२ चा असून एकस्व १२ मे १९३६ रोजी मिळाले. रूढ क्वर्टी आराखडा (वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून पडलेले नाव) सोडून नवा आराखडा शिकणे किफायतशीर ठरते का, या प्रश्नाची चर्चा आजही प्रामुख्याने याच कळफलकाच्या आधारे होते. प्रत्यक्ष टंकलेखकांना नव्याने शिकवून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे याच्याबाबत उपलब्ध आहेत, हे त्याचे मुख्य कारण.

पार्श्वभूमी : क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनी कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युएल सूल यांच्यासह मिलवॉकी येथे टंकलेखन यंत्र तयार केले. त्याचे एकस्व १८६८ चे आहे. सुरुवातीच्या नमुन्यांत अक्षरे वर्णक्रमाने, पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडलेली होती. १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीने उत्पादन हाती घेतले, १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले आणि १८७८ च्या एकस्वात आजच्या क्वर्टीच्या अगदी जवळचा आराखडा दिसतो. मूळ वर्णक्रमाची खूण मधल्या ओळीत अजूनही शिल्लक आहे : डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे (मधली ई आणि आय वगळता) क्रमानेच येतात.

बाकीची अक्षरे का हलवली, याविषयी एकमत नाही. लोकप्रिय समजूत अशी की, लागोपाठ येणाऱ्या अक्षरांचे टंकदांडे (कागदावर अक्षर उमटवणारे दांडे) एकमेकांत अडकत, म्हणून शोल्स यांनी अशा जोड्या दूर नेल्या. ‘टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी केला’ हे तिचेच अतिरंजित रूप असून त्याला समकालीन आधार नाही. मूळ समजुतीतही अडचण आहे. इंग्रजीत फार वारंवार येणारी ई-आर ही जोडी क्वर्टीत शेजारी-शेजारी आहे. यावर असे उत्तर दिले जाते की, त्या यंत्रात दांडे वर्तुळाकार बसवलेले असल्याने कळा शेजारी असल्या तरी दांडे शेजारी असतीलच असे नाही. क्योटो विद्यापीठातील कोइची यासुओका आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये दुसरा मार्ग सुचवला. त्यांच्या मते आरंभीच्या यंत्रांचे महत्त्वाचे ग्राहक तारयंत्रचालक होते आणि आराखडा त्यांच्या गरजांनुसार घडत गेला. अमेरिकन मोर्स या तारेच्या संकेतलिपीत झेड हे अक्षर आणि एस-ई ही जोडी कानाला सारखीच ऐकू येते. पुढची अक्षरे येईपर्यंत नेमके काय ते ठरवता येत नाही. त्यामुळे एस ही कळ झेड आणि ई या दोहोंच्या जवळ हवी, आणि ती तशी आहे. हे स्पष्टीकरण काही कळांपुरते पटण्यासारखे आहे, मात्र संपूर्ण मांडणी त्यातून निघत नाही. आराखडा एका हेतूने एकदाच ठरवलेला नसून अनेक वर्षांच्या फेरबदलांतून साचत गेला, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून होईल.

रचना : ड्व्होरॅक यांनी इंग्रजीतील अक्षरांची आणि अक्षरजोड्यांची वारंवारता मोजली व त्या काळात कारखान्यांत रूढ होत असलेल्या हालचालींच्या अभ्यासाची पद्धत बोटांना लावली. मधल्या ओळीत डावीकडे ए, ओ, ई, यू, आय हे पाचही स्वर आणि उजवीकडे डी, एच, टी, एन, एस ही वारंवार लागणारी व्यंजने येतात. स्वर-व्यंजन आलटून-पालटून येत असल्याने हातही आलटून-पालटून चालतात. एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळेवर पोहोचतो. सामान्य इंग्रजी मजकुरात सुमारे ७० टक्के आघात मधल्या ओळीवर, २२ टक्के वरच्या आणि ८ टक्के खालच्या ओळीवर पडतात. क्वर्टीत हेच प्रमाण अनुक्रमे ३२, ५२ आणि १६ टक्क्यांच्या आसपास आहे. मजकूर बदलला की हे आकडे थोडेफार बदलतात.

बोटांचा दिवसभराचा प्रवास क्वर्टीवर १६ मैल आणि ड्व्होरॅकवर अवघा १ मैल, असा एक दावा फार पसरला आहे. तो वरील प्रमाणांशीच जुळत नाही. मधली ओळ सोडून बाहेर जावे लागणारे आघात क्वर्टीत ६८ आणि ड्व्होरॅकमध्ये ३० टक्के धरले, तर प्रवास निम्म्याहून थोडा अधिक घटेल. सोळा पट घटण्याचा हिशेब त्यातून लागत नाही. ड्व्होरॅकची खरी गुणवत्ता ७० आणि ३२ या दोन आकड्यांत पुरेशी दिसते, तिला असल्या टेकूची गरज नाही.

मूळ मांडणीत आकड्यांचा क्रमही बदललेला होता (७, ५, ३, १, ९, ०, २, ४, ६, ८). अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आराखडा प्रमाणित करताना आकडे पुन्हा सरळ क्रमाने घेतले. आज संगणकांवर मिळतो तो हाच प्रकार.

फेरप्रशिक्षणाच्या चाचण्या : सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी अमेरिकी नौदलाची, १९४४ ची. १४ टंकलेखकांना ड्व्होरॅकवर नव्याने शिकवण्यात आले. क्वर्टीवर त्यांचा सरासरी निव्वळ वेग मिनिटाला ३२ शब्द होता. सुमारे ५२ तासांच्या सरावात त्यांनी जुना वेग गाठला आणि सरासरी ८३ तासांनंतर ते ५६ शब्दांवर पोहोचले, म्हणजे वाढ ७५ टक्के. तुलनेसाठी १८ टंकलेखकांना क्वर्टीवरच अधिक सराव दिला. त्यांचा वेग २९ वरून ३७ वर गेला. फेरप्रशिक्षणाचा खर्च पूर्णवेळ कामाच्या पहिल्या दहा दिवसांत भरून निघतो, हे वारंवार सांगितले जाणारे विधान नौदलाच्या याच प्रयोगांवर उभे आहे.

या अहवालावरील आक्षेप गंभीर आहेत. स्टॅन लीबोविट्झ आणि स्टीफन मार्गोलिस या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मूळ अहवाल तपासून दाखवले की, दोन्ही गटांचे आरंभीचे व अखेरचे वेग एकाच रीतीने काढलेले नाहीत आणि हा फरक ड्व्होरॅकच्या बाजूने जातो. ड्व्होरॅक स्वतः त्या काळी नौदलात लेफ्टनंट कमांडर होते व वेळ-हालचाल अभ्यासाचे तज्ज्ञ म्हणून ओळखले जात. त्यामुळे चाचणीच्या तटस्थतेविषयीही शंका घेतली जाते. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मिनिटाला ३२ शब्द हा कार्यालयीन टंकलेखकासाठी कमी वेग आहे. एवढ्या वेगाचा माणूस कोणत्याही आराखड्यावर ८० तास शिस्तीने बसला, तर बराच पुढे जाईल.

१९५६ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील अर्ल स्ट्राँग यांनी संघराज्य सरकारच्या सामान्य सेवा प्रशासनासाठी अधिक काटेकोर चाचणी घेतली. दहा टंकलेखकांना रोज चार तास ड्व्होरॅक शिकवले. जुना वेग गाठायलाच त्यांना २५ दिवसांहून अधिक, म्हणजे शंभरावर तास लागले. त्यानंतर त्यांची प्रगती, क्वर्टीवरच जादा सराव केलेल्या गटापेक्षा मंद राहिली. सरकारने हा बदल करू नये, असा निष्कर्ष निघाला आणि सरकारी स्वीकाराची शक्यता तेथेच संपली. ड्व्होरॅकचे पुरस्कर्ते स्ट्राँग यांच्यावर पूर्वग्रहाचा आणि मूळ नोंदी जपून न ठेवल्याचा आरोप करतात. आरोप लक्षात घेऊनही, तुलनेची पद्धत पाहता १९५६ च्या चाचणीला १९४४ च्या अहवालापेक्षा अधिक वजन द्यावे लागते. मात्र ती आधीच क्वर्टीत मुरलेल्यांविषयी आहे. ज्यांनी कधीच टंकलेखन केलेले नाही त्यांच्याविषयी ती काही सांगत नाही. डोनाल्ड नॉर्मन आणि डेव्हिड रुमेलहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ च्या सुमारास संगणकीय प्रारूपावरून ड्व्होरॅकचा लाभ ५ टक्क्यांच्या आसपास काढला, आणि हाच आकडा सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

अर्थशास्त्रात या प्रकरणाला वेगळेच महत्त्व आले. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये असे मांडले की, यंत्रे, शिक्षक आणि शिकलेली बोटे एका आराखड्याभोवती जमली की अधिक चांगला पर्यायही आत शिरू शकत नाही. लीबोविट्झ व मार्गोलिस यांचा रोख याच मांडणीवर होता : पर्याय फारसा चांगला नसेल, तर बाजाराने चूक केली असे म्हणता येणार नाही.

बदलाची प्रक्रिया : मुरलेल्या टंकलेखकाची बोटे अक्षरागणिक नव्हे, तर ओळखीच्या अक्षरसमूहांनुसार चालतात. आराखडा बदलताना हे समूह मोडावे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत वेग नवशिक्यापेक्षाही अधिक त्रासदायक वाटतो. जुन्या सवयीच्या चुका ठरावीक असतात, बोट अचूकपणे जुन्या जागी जाते. क्वर्टी आणि ड्व्होरॅक यांत ए आणि एम ही दोनच अक्षरे जागेवर राहतात. कळांवर नवी अक्षरे चिकटवल्यास नजर खाली जाते आणि शिकणे लांबते; आराखड्याचे चित्र पडद्याजवळ ठेवून न पाहता सराव करणे अधिक उपयोगी.

संगणकावर आणखी एक अडथळा येतो. पूर्ववत करणे, कापणे, नक्कल आणि चिकटवणे यांचे झेड, एक्स, सी, व्ही हे आदेश क्वर्टीत डाव्या कोपऱ्यात सलग असतात. ड्व्होरॅकमध्ये ते विखुरतात आणि उजव्या हाताने माऊस धरून देणे कठीण होते. मॅक संगणकांवर आदेशकळ दाबताच तात्पुरता क्वर्टी लागू होणारा प्रकार यासाठीच दिलेला आहे. शाय कोलमन यांच्या कोलमॅक (२००६) या आराखड्यात ही चार अक्षरे हलवलेलीच नाहीत आणि एकूण १७ कळाच बदलतात. सवय मोडण्याची किंमत कमी ठेवण्याचा हा विचार ड्व्होरॅकच्या मूळ आराखड्यात नव्हता.

प्रसार : १९८४ च्या अ‍ॅपल-२सी संगणकावर ड्व्होरॅककडे वळण्यासाठी स्वतंत्र बटण होते. विंडोजमध्ये तो १९९५ पासून उपलब्ध असून डाव्या व उजव्या अशा एकाच हाताने टंकलेखन करणाऱ्यांसाठीचे त्याचे प्रकारही मिळतात. तुर्कस्तानात मात्र शासनानेच बदल घडवला. इहसान सित्की येनेर यांनी तुर्की शब्दांतील वारंवारतेवरून केलेला ‘एफ’ आराखडा १९५५ मध्ये प्रमाण ठरला. पुढे संगणक आले ते क्वर्टीवर बेतलेल्या तुर्की कळफलकासह, आणि दैनंदिन वापरात एफ मागे पडला.

देवनागरीतील समांतर : भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट आराखडा (१९८६, पुढे १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट) याच तत्त्वाचा अवलंब करतो. स्वर, मात्रा आणि हलन्त डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. ‘किती’ हा शब्द टंकताना उजवा, डावा, उजवा, डावा असे हात काटेकोरपणे आलटून येतात. तत्त्वाला अपवादही आहेत : म, ण, न, व ही व्यंजने डाव्या हाताच्या खालच्या ओळीत गेली आहेत, त्यामुळे ‘मी’ किंवा ‘मन’ एकाच हाताने उमटतात.

टंकलेखन संस्थांत रेमिंग्टन पद्धतीवर शिकलेल्या मराठी टंकलेखकाला इन्स्क्रिप्टकडे वळणे ड्व्होरॅकपेक्षा अवघड जाते, कारण बदल केवळ कळांच्या जागांचा नसतो. यंत्रावर अक्षर जसे दिसते त्या क्रमाने टंकायचे, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, रफारही अक्षरानंतर. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम पाळावा लागतो : व्यंजन, मग वेलांटी, र आणि हलन्त आधी, मग पुढचे अक्षर. अर्धी अक्षरे यंत्रावर स्वतंत्र कळांवर होती, इथे ती हलन्ताने साधतात. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतील ऱ्य साठी शिफ्टसह र ची कळ दाबून ऱ घ्यावा लागतो आणि मग हलन्त व य, साधा र घेतल्यास ‘दुसर्या’ असे रफाराचे चुकीचे रूप उमटते.