चर्चच्या सेवेत डिजिटल तंत्रज्ञान

उपासना, बायबलचं शिक्षण, भेटीगाठी, दानाचा हिशोब या चर्चच्या रोजच्या कामांत मोबाईल, इंटरनेट आणि सॉफ्टवेअरचा वापर करणं म्हणजे डिजिटल सेवा. आज अगदी छोट्या मंडळीतही, म्हणजे एका चर्चच्या लोकांच्या समूहातही, हे कुठल्या ना कुठल्या रूपात चालतंच, निदान एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तरी असतोच असतो. पण याचं खरं मोल आहे ते जी माणसं रविवारी बाकावर दिसत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचण्यात, म्हणजे अंथरुणाला खिळलेली आजी, आखातात नोकरीला गेलेला मुलगा, नाइट ड्युटी करून घरी आलेली नर्स. म्हणून कॅमेरा विकत घ्यायच्या आधी पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि कमिटीने अशा माणसांची यादी काढावी, कोणाकडे स्मार्टफोन आहे, कोणाकडे साधा फोन, कोणाला वाचता येत नाही हे बघावं, मग काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

नवं माध्यम वापरणं चर्चला काही नवीन नाही. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं, व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झाला आणि तो उभारून दिला रेडिओचा प्रणेता असलेल्या खुद्द मार्कोनीने. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या लाइफ चर्चने यूव्हर्जन हे बायबल अ‍ॅप आणलं, ते फुकट आहे आणि त्यात मराठी बायबलही आहे. डिसेंबर २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे ट्विटरवर आले. आणि इटलीतला कार्लो अक्युटिस, ज्याने शाळकरी वयात ख्रिस्तप्रसादाशी (उपासनेतल्या पवित्र भाकरी-द्राक्षरसाशी) जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट बनवली आणि २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, त्याला ७ सप्टेंबर २०२५ ला संत म्हणून घोषित केलं गेलं.

पण सगळ्यांना एकदम यात ओढलं ते कोविडने. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन, २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात पावसात केलेली प्रार्थना जगभर लोकांनी घरी बसून बघितली, आणि १२ एप्रिलला ईस्टर. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली थेट १६ नोव्हेंबरला, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. या काळात ज्यांनी कधी ईमेलसुद्धा केला नव्हता असे पाळकही उपासना इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला शिकले, आणि त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

लाइव्हमध्ये लोक चित्रावर पैसे घालतात आणि मार खातात आवाजात. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस बघत राहतो, संदेश ऐकू आला नाही तर दोन मिनिटांत बंद करतो. उंच छताच्या जुन्या दगडी चर्चमध्ये मागच्या बाकाजवळ मोबाईल लावला की आवाज नुसता घुमतो, त्यावर उपाय म्हणजे सगळे माइक जोडतात त्या साउंड मिक्सरमधून वायर काढायची, मधे छोटा ऑडिओ इंटरफेस (आवाज मोबाईलला झेपेल असा करून देणारी डबी) लावायचा आणि तिथून मोबाईल किंवा लॅपटॉपला आवाज द्यायचा, सरळ जोडला तर फाटतो. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते, चर्चमध्ये बसलेल्यांना तबला आणि सगळ्यांचं गाणं माइकशिवायच ऐकू येतं पण घरच्या माणसाला जे माइकमध्ये जातं तेवढंच मिळतं, म्हणजे पाळकांचा आवाज आहे पण मंडळी गातेय की नाही कळतच नाही. एक माइक बाकांकडे तोंड करून लावला की घरी एकटं बसलेल्याला आपण सगळ्यांसोबत गातोय असं वाटतं. झूमवर मात्र सगळ्यांनी एकत्र गाणं जमत नाही, प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो आणि ताल तुटतो, त्यामुळे एका घराने पेटी घेऊन गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून साथ द्यायची. तयार ट्रॅक वाजवला तर यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो, हे अजून एक.

गीतं स्क्रीनवर दाखवताना मराठी मंडळ्यांची वेगळीच अडचण. जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसती गिचमिड. एकदा वेळ काढून सगळं युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या टाइपिंगच्या पद्धतीत) करून घेतलं की तीच गीतं मोबाईलवर दिसतात, शोधता येतात आणि आजीला मोठ्या अक्षरात वाचता येतात. हे काम तरुण संघाला द्यावं, चार शनिवार संध्याकाळी बसले तरी बरंच उरकतं.

संस्कारांच्या, म्हणजे बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद अशा पवित्र विधींच्या बाबतीत कॅथलिक चर्चची भूमिका स्पष्ट आहे, २००२ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. म्हणून ऑनलाइन मिस्सा (कॅथलिक उपासना) बघणारे आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद मनाने घेण्याची प्रार्थना म्हणतात, आणि कन्फेशन (पापांची कबुली) अ‍ॅपवर होत नाही, फादरांसमोर जाऊनच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकमत नाही, लॉकडाऊनमध्ये काहींनी घरच्या घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन प्रभुभोजन केलं, काहींनी चर्च उघडेपर्यंत थांबणं पसंत केलं.

दानासाठी यूपीआयचा क्यूआर आता सगळीकडे दिसतो, खातं मात्र ट्रस्टच्या नावाचं हवं, पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या खाजगी नंबरवर पैसे घेऊ नयेत. लाइव्हवर क्यूआर दाखवताना परदेशी दानाचा कायदाही लक्षात ठेवावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून आपल्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय अनुदान धरलं जात नाही, पण आपल्याच माणसाने अमेरिकेचं वा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी दाता ठरतो, असं दान घ्यायला एफसीआरए, म्हणजे याच परदेशी दानाच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावं लागतं.

माहिती जपणं हेही सेवेचाच भाग समजावा. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या घरातला वाद हे प्रार्थना विनंती म्हणून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्या माणसाला विचारावं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती सांगितली आहे, तेव्हा संडे स्कूलचे फोटो आणि नावं पेजवर टाकताना पालकांची लेखी परवानगी घेतलेली बरी. आणि यूट्यूब चॅनल, फेसबुक पेज हे चर्चच्या ईमेलवर उघडून दोघातिघांना अ‍ॅडमिन करावं, नाहीतर पासवर्ड ठाऊक असलेला एकच मुलगा शिकायला बाहेरगावी जातो आणि नाताळच्या आदल्या दिवशी लाइव्ह सुरू कसं करायचं हेच कोणाला माहीत नसतं.