दीर्घ श्वासात ऑक्सिजनचं काय काम?

पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्यांसाठी म्हणून एक फॉरवर्ड सध्या आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर फिरतोय, टेन्शन आलं की जोरजोरात खोल श्वास घ्या, मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो आणि डोकं शांत होतं. हे कारण साफ चूक आहे. धडधाकट माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य, एरवीच ऑक्सिजनने ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहिलंय की, मग आणखी भरायला जागा कुठे आहे? उलट भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

फायदा होतो तो श्वास हळू केल्याने, आणि कसा होतो ते बघण्यासारखं आहे. हृदयाला कुठल्याच नसेचा हुकूम नसेल तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. बसल्या जागी नाडी ७०च्या आसपास लागते कारण मेंदूतून मानेवाटे खाली येणारी व्हेगस नस सतत ब्रेक दाबून असते. ही नस रसायन सोडून काम करते हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन, ते झटकन तुटतं, म्हणून ब्रेक ठोक्यागणिक कमीजास्त होऊ शकतो. श्वास आत घेताना तो सैल पडतो आणि नाडी वाढते, सोडताना परत लागतो आणि नाडी मंदावते. मनगटावर बोटं ठेवून बघा, तरुण पोरांच्या नाडीत तर लगेच कळतं.

आता यात रक्तदाबही येतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीत दाब ओळखणारे सेन्सर असतात, दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, नाडी उतरते, रक्तवाहिन्या सैल होतात, पण रक्तवाहिन्यांना त्यासाठी काही सेकंद लागतात, त्यामुळे हे चक्र साधारण १० सेकंदांच्या लयीत वरखाली होत राहतं. श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला ६, तर दोन्ही लयी जुळतात आणि नाडीचे हेलकावे चांगलेच मोठे होतात.

२००१ मध्ये लुचियानो बर्नार्डी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २३ जणांकडून लॅटिन रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळेवरची प्रार्थना, आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणून घेतलं, दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला ६च्या आसपास आला! आपल्याकडे गोव्यात एका घरात तेर्स, म्हणजे हीच रोझरी, चालतं, शेजारी जप चालतो, शरीराला दोन्ही सारखेच. त्यामुळे अमुकच मंत्रात दैवी कंपनं आहेत असं कोणी सांगत असेल किंवा 'व्हेगस रीसेट'चं महागडं यंत्र गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पाचेक मिनिटं, फुफ्फुसं ठासून भरायची नाहीत, गरगरलं तर थांबायचं. गाडी चालवताना करू नका, बसमध्ये सीट मिळाली की करा. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर श्वास मोजत बसू नका, बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाची, ओपीडी आहे, तिथे दाखवून या.